अतिस्वेद व त्यावरील उपचार

शरीराचे तापमान राखण्यासाठी लागतो त्याहून पुष्कळ अधिक घाम येणे म्हणजे अतिस्वेद. वैद्यकात त्याला हायपरहायड्रोसिस म्हणतात. गार हवेत शांत बसले असतानाही तळहात ओलेचिंब होतात, लिहिताना कागद भिजतो, काखेत कपड्यावर डाग पसरतो, चपलेतून पाय निसटतो. घाबरट स्वभावाचे लक्षण समजून अनेक जण हा त्रास वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसतात, वास्तविक तो उपचार असलेला विकार आहे.

माणसाच्या त्वचेत सुमारे २० ते ४० लाख एक्राइन (पातळ, पाण्यासारखा घाम सोडणाऱ्या) घर्मग्रंथी असतात. अनुकंपी (आपल्या इच्छेविना आपोआप चालणारे) मज्जातंतू ॲसिटिलकोलीन या रसायनाद्वारे त्यांना घाम सोडण्याचा संदेश देतात. प्राथमिक अतिस्वेदात ग्रंथी सहसा नेहमीसारख्याच असतात, बिघडलेले असते ते संदेशाचे प्रमाण. हा प्रकार बहुधा बालपणी वा पौगंडावस्थेत सुरू होतो, शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखाच असतो, झोपेत थांबतो आणि पुष्कळदा घराण्यात आढळतो. याउलट मोठ्या वयात सुरू झालेला, सर्वांगाला येणारा किंवा रात्री अंथरूण भिजवणारा घाम दुसऱ्या कारणाकडे बोट दाखवतो. थायरॉइडचा अतिस्राव, क्षयरोग, लिंफोमा (लसीका ग्रंथींचा कर्करोग), रक्तातील साखर उतरणे, रजोनिवृत्ती किंवा नैराश्यावरील काही औषधे ही अशी कारणे होत. तेथे मूळ कारण शोधण्याआधी घाम थांबवण्याच्या मागे लागणे धोक्याचे ठरते.

पहिला उपचार म्हणजे ॲल्युमिनियम क्लोराइडचा लेप. साधारण १० ते २० टक्क्यांचे द्रावण काखेत वापरतात, तळहात-तळपायांच्या जाड त्वचेला त्याहून तीव्र लागते. हे क्षार घर्मनलिकेच्या तोंडाशी बूच तयार करतात. ‘लावून पाहिले, उपयोग झाला नाही’ अशी तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिचे कारण पुष्कळदा लावण्याच्या पद्धतीत असते. लेप रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या त्वचेवर लावायचा आणि सकाळी धुवायचा. रात्री घाम कमी असल्याने औषध नलिकेत टिकते. ओल्या त्वचेवर मात्र पाण्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते व आग होते. नुकत्याच दाढी केलेल्या किंवा केस काढलेल्या जागीही तो लावू नये. गुण आल्यावर आठवड्यातून एक-दोनदा लावणे पुरते. काखेसाठी ग्लायकोपायरोनियम या औषधाने भिजवलेले पुसण्याचे कापडही मिळते. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली. ते वापरल्यावर हात धुवावेत, कारण तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली विस्फारून नजर धूसर होते.

तळहात-तळपायांसाठी आयन्टोफोरेसिस उपयोगी पडते. उथळ भांड्यातल्या साध्या पाण्यात हातपाय बुडवून त्यातून साधारण १५ ते २० मिलिअँपिअरचा सौम्य विद्युत्प्रवाह २०-३० मिनिटे सोडतात. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, पुढे गुण टिकवण्यापुरते. उपचार चिकाटीचा आहे आणि तो थांबवला की घाम परततो, पण यंत्र घरी वापरता येत असल्याने तो अनेकांना झेपतो. गरोदरपणी किंवा पेसमेकर असल्यास तो वर्ज्य आहे.

बोट्युलिनम विषाची सुई मज्जातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन सुटू देत नाही. काखेतील तीव्र अतिस्वेदासाठी अमेरिकेत तिला २००४ मध्ये मान्यता मिळाली. आधी आयोडीन व स्टार्च लावून, काळी-निळी पडणारी जागा पाहून घामाचे क्षेत्र आखून घेतात आणि प्रत्येक काखेत सुमारे ५० एकके अनेक बिंदूंवर टोचतात. परिणाम साधारण सहा महिने वा अधिक टिकतो. तळहातावर टोचणे फार दुखते, आणि बोटांची पकड काही काळ सैल पडू शकते. बारीक काम करणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे.

ग्लायकोपायरोलेट, ऑक्सिब्युटिनिन यांच्या गोळ्या सर्वांगाचा घाम कमी करतात, मात्र तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता, लघवी अडणे हे त्यांचे दुष्परिणाम आहेत. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या देत नाहीत. कडक उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो, कारण शरीर थंड ठेवणारा घामही त्या अडवतात.

काखेतील ग्रंथी सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने कायमच्या नष्ट करणारे यंत्रही आता वापरात आहे.

अगदी शेवटी येते ती छातीत दुर्बीण घालून अनुकंपी मज्जासाखळी तोडण्याची वा तिला चिमटा लावण्याची शस्त्रक्रिया. तळहात भुलीतून जाग येताच कोरडे झालेले असतात, आणि या तत्काळ यशाचाच मोह पडतो. पण पुष्कळ रुग्णांना नंतर पाठ, पोट, मांड्यांवर नवा घाम फुटतो. यालाच प्रतिपूरक अतिस्वेद म्हणतात. काहींमध्ये तो मूळ त्रासापेक्षा असह्य होतो आणि तोडलेली साखळी जोडून पूर्ववत होईल याची खात्री नसते. चिमटा काढल्यावरही हा नवा घाम जाईलच असे नाही. फार वर छेद गेल्यास पापणी ओघळणे व बाहुली आकसणे, म्हणजे हॉर्नर लक्षणसमूह, संभवतो. आधीचे उपाय नीट व पुरेसा काळ करून पाहिल्याशिवाय तळहातांसाठी हा मार्ग सुचवू नये. पावलांचा घाम तर छातीतील या शस्त्रक्रियेने थांबेल याची खात्रीच नसते.