फ्लॅट भाड्याने घेताना : लिव्ह अँड लायसन्स कराराची ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रे आणि खर्च

घर पसंत पडले, डिपॉझिट ठरले, की एजंट पहिला प्रश्न विचारतो, "अकरा महिन्यांचा नोटरी करार करू ना?" महाराष्ट्रात याचे उत्तर "नाही" असेच द्यावे. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज इतर राज्यांतल्या पद्धतीवरून आला आहे. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा परवाना करार) कितीही मुदतीचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच लागतो. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक कुरकुरत असेल तर त्याला एवढे एक वाक्य वाचून दाखवावे, बहुतेक वेळा काम होते.

टोकन देण्याआधी समोरचा माणूस खरोखर मालक आहे का ते बघा. सूची क्रमांक २ (खरेदीदस्ताच्या नोंदणीचा उतारा, म्हणजे इंडेक्स टू), चालू मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल, या तिन्हींवरची नावे ताडून पाहा. सूचीवर नवरा-बायको दोघांची नावे असतील तर करारातही दोघे हवेत. एकाचाच अंगठा घेऊन काम उरकू नका. मालक परदेशात असेल तर त्याच्या वतीने कुलमुखत्यार (पॉवर ऑफ अॅटर्नी असलेली) व्यक्ती करार करू शकते, पण कुलमुखत्यारपत्रात घर भाड्याने देण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे ना, ते वाचा. फक्त "मिळकतीची देखभाल" असे लिहिलेले असेल तर ते पुरेसे नाही.

नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवरून हे काम घरबसल्या होते. मुदत ६० महिन्यांपर्यंत ठेवता येते. लागणारी कागदपत्रे फार नाहीत: दोन्ही बाजूंचे आधार आणि पॅन, दोन साक्षीदारांचे आधार, आणि मिळकतीचा तपशील म्हणजे फ्लॅट क्रमांक, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे क्रमांक. हा शेवटचा क्रमांक एजंट अंदाजे भरतात. तो सूचीवरून किंवा कराच्या पावतीवरून जसाच्या तसा घ्या.

पायऱ्या अशा: जिल्हा निवडून पासवर्ड तयार करायचा, मिळकत आणि पक्षकारांची माहिती भरायची, भाडे, डिपॉझिट, मुदत आणि इतर अटी टाकायच्या. मग मसुदा तयार होतो. तो छापून दोन्ही बाजूंनी बसून वाचावा, कारण अंगठे झाल्यावर मजकूर बदलता येत नाही. त्यानंतर शुल्क भरायचे, वेबकॅमवर फोटो आणि बायोमेट्रिक यंत्रावर अंगठा द्यायचा. दस्त दुय्यम निबंधकाकडे (नोंदणी अधिकाऱ्याकडे) जातो, त्याने तपासून मान्य केला की नोंदणीकृत प्रत मिळते. घरी यंत्र नसते, म्हणून अधिकृत सेवा पुरवठादार घरी येतात. त्यांना सरकारी शुल्क आणि त्यांची फी वेगवेगळी लिहून मागा.

मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. ते संपूर्ण मुदतीचे भाडे अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचे वार्षिक १० टक्के व्याज, या बेरजेवर लागते. भाडे २०,००० रुपये, मुदत २४ महिने, डिपॉझिट १ लाख धरा. भाडे झाले ४,८०,०००, दोन वर्षांचे व्याज २०,०००, एकूण ५ लाख. त्यावर शुल्क १,२५० रुपये. पोर्टल रक्कम पूर्ण करते, त्यामुळे आकडा थोडा वर दिसू शकतो. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क असते. शुल्क कोणी भरायचे हे आपसात ठरवतात. निम्मे-निम्मे सर्रास चालते.

अडते ते अंगठ्यावर. वयस्क मंडळींच्या आणि हाताने काम करणाऱ्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात, मग यंत्र ओळख पटवत नाही. हात धुऊन, कोरडे करून दुसऱ्या बोटाने प्रयत्न करावा. आधारचे बायोमेट्रिक लॉक केलेले असेल तर आधी उघडून ठेवा. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्यावे लागते, म्हणून राहायला जाण्याच्या आदल्या दिवसापर्यंत थांबू नका.

अटींत तीन गोष्टी नेमक्या लिहून घ्या: लॉक-इन (करार मोडता येत नाही तो काळ) किती महिने आणि ते दोघांना लागू आहे का, नोटीस किती दिवसांची, आणि डिपॉझिट कधी परत मिळणार. "घर सोडल्यावर" एवढे पुरेसे नाही. "चावी दिल्याच्या दिवशी" असे लिहा. रंगकामाचे पैसे कापायचे असतील तर रक्कमही लिहा. डिपॉझिट बँकेतून द्या आणि व्यवहार क्रमांक करारात टाका. भाडेकरूनेही लक्षात ठेवावे: मुदत संपूनही घर सोडले नाही तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते.

करार झाला की पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर ती ऑनलाइन भरता येते, पोचपावती जपून ठेवा. गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. सभासदाने करार आणि पोलिस माहितीची प्रत आठ दिवस आधी द्यायची असते. संस्था बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून घेतले जाणारे) घेते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही आणि ते मालकाने भरायचे असते. काही मालक ते गुपचूप भाडेकरूवर ढकलतात, म्हणून "मेंटेनन्स कोण भरणार" या अटीत त्याचा उल्लेख करून घ्या.

भाडे महिन्याला ५०,००० रुपयांपेक्षा जास्त असेल तर २ टक्के टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा प्राप्तिकर) कापून भरण्याची जबाबदारी भाडेकरूची. मालक अनिवासी असेल तर ही ५०,००० ची मर्यादा लागू होत नाही आणि दरही वेगळा असतो, तेव्हा पहिले भाडे देण्याआधीच सीएला विचारा.