मुकी एक्सई आणि दोन बाइट

‘स्क्रिप्ट कम्पाइल केली की बिघडते’ ही समजूत आपल्याकडे कॉलेजच्या लॅबपासून मोंढ्यापर्यंत पसरली आहे. परवा लातूरच्या एका आडत दुकानात तिचा ताजा नमुना पाहिला. मालकांच्या भाच्याने शेतकऱ्यांच्या पट्टीचा हिशोब करणारी छोटी स्क्रिप्ट ऑटोइट या विंडोजवरच्या स्क्रिप्ट-भाषेत लिहिली होती. वजन आणि भाव द्यायचा, हमाली-तोलाई वजा होऊन रक्कम छापून येते. एडिटरमध्ये सगळं झकास चाललं. कम्पाइल करून एक्सई, म्हणजे थेट चालणारी फाईल, बनवली, कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत तिचं नाव टाइप करून एंटर मारलं, तर काहीच नाही. चुकीचा निरोपसुद्धा नाही, नुसता प्रॉम्प्ट लुकलुकतोय.

“मामा, व्हायरस दिसतोय.”

“कामून? कालच तर अँटीव्हायरस भरला की!”

व्हायरस नव्हताच. हिशोब होत होता, छापण्याचा हुकूमही सुटत होता. छापायचं कुठे, एवढंच प्रोग्रामला ठाऊक नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. ऑटोइटची ‘कम्पाइल’ केलेली फाईल म्हणजे यंत्रभाषेत उतरवलेली स्क्रिप्ट नव्हे. स्क्रिप्ट वाचून चालवणारा इंटरप्रिटर आणि तुमची स्क्रिप्ट, दोन्ही एकाच एक्सईत बांधलेली असतात. अशी बांधाबांध पाहून अँटीव्हायरस पुष्कळदा निरपराध फाईलवरही संशय घेतो, त्यामुळे मामा-भाच्याची शंका अगदीच वेडगळ नव्हती. पण बांधल्यामुळे स्क्रिप्टचं गणित बदलत नाही.

बदलतं ते दोन बाइटमध्ये. विंडोजची कुठलीही एक्सई हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाईलचा एकेक बाइट दाखवणाऱ्या साधनात, उघडा. सुरुवातीलाच ‘एम’ आणि ‘झेड’ ही दोन अक्षरं दिसतील. मायक्रोसॉफ्टचे मार्क झ्बिकोव्स्की यांची ही आद्याक्षरं विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून तिथे बसून आहेत. फाईलच्या आरंभापासून ६० बाइट सोडले की पुढच्या चार बाइटमध्ये एक पत्ता मिळतो. त्या पत्त्यावर ‘पी’, ‘ई’ आणि दोन शून्यं असतात. तिथून ९२ बाइट पुढे सरका. तिथले दोन बाइट म्हणजे ‘सबसिस्टिम’. त्यात २ असेल तर प्रोग्राम खिडक्या-बटणांचा, ३ असेल तर कन्सोलचा, म्हणजे काळ्या खिडकीत अक्षरं छापणारा. लहान बाइट आधी लिहिण्याची पद्धत असल्याने प्रत्यक्षात ‘०२ ००’ किंवा ‘०३ ००’ असं दिसतं.

हा आकडा फाईलच्या माथ्यावरच लागतो, कारण प्रोग्रामची पहिली ओळ चालण्याआधी विंडोजला निर्णय घ्यायचा असतो. ३ दिसला की आधीची काळी खिडकी प्रोग्रामला जोडून मिळते आणि ती नसेल तर नवी उघडते. २ दिसला की काहीच जोडलं जात नाही. कमांड प्रॉम्प्टही हा आकडा बघतो. २ असेल तर प्रोग्राम संपायची वाट न पाहता तो लगेच पुढच्या हुकमाला मोकळा होतो. (बॅच फाईलमध्ये मात्र थांबतो!)

ऑटोइट आपणहून २ लिहितं. मग एडिटरमध्ये अक्षरं कशी दिसत होती? एडिटर स्क्रिप्ट चालवताना आपली एक नळी तिच्या छपाईच्या तोंडाला लावतो आणि येईल ते खालच्या चौकटीत दाखवतो. हीच युक्ती काळ्या खिडकीतही चालते. नावापुढे उभी रेघ (|) देऊन ‘मोर’ (more) ही आज्ञा लिहा, किंवा ‘>’ देऊन फाईलचं नाव लिहा. भाच्याने उभी रेघ दिली आणि मुक्या एक्सईने रक्कम छापली. सबसिस्टिम २ च होता, पण नळी बाहेरून मिळाल्यामुळे छपाईला जागा सापडली.

खंडेनवमीला संगणकाला हळदकुंकू वाहायला माझी ना नाही. पण एक्सई बोलेना म्हणून मॉनिटरला लिंबू-मिरची बांधणारे, आणि ‘एआयने लिहिलंय, कोड चुकेलच कसा’ म्हणणारे, यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. एआयचा कोड इथेही बरोबरच असता आणि खिडकी तरीही कोरीच राहिली असती.

खरा उपाय सोपा आहे. ऑटोइटमध्ये कम्पाइल करताना ‘कन्सोल’चा पर्याय द्यायचा. पायथनची एक्सई करणारं पायइन्स्टॉलर उलट्या स्वभावाचं आहे. ते आपणहून ३ लिहितं, आणि ‘विंडोड’ मागितलं की मुकं होतं. हेक्स एडिटरने २ चा ३ करण्याचा मोह होतो, पण फाईलवर डिजिटल सही असेल तर ती मोडते, आणि काही प्रोग्राम स्वतःला तपासून ‘फाईल खराब आहे’ म्हणत बंद पडतात.

लिनक्समध्ये ही भानगडच नाही. तिथे प्रोग्रामला ०, १ आणि २ या क्रमांकांच्या वाटा (माहिती आत घेण्याची, छपाईची आणि चुकांच्या निरोपांची) चालवणाऱ्याकडून वारशात मिळतात, मग तो खिडक्यांचा असो वा नसो.

विंडोजवर खिडक्या-बटणं आणि काळ्या खिडकीतली छपाई दोन्ही हवं असेल तर पंचाईत होते. ३ ठेवलं तर डबल-क्लिक करणाऱ्यापुढे काळी खिडकी उगाच उघडते. २ ठेवून, चालवणाऱ्याची खिडकी मागाहून जोडून घेणारं ‘अटॅचकन्सोल’ हे फंक्शन विंडोज एक्सपीपासून आहे, पण तोवर प्रॉम्प्ट परत आलेला असतो आणि आपली रक्कम त्याच्याच शेपटीला चिकटते. प्रोग्राम लिहिण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन असलेल्या व्हिज्युअल स्टुडिओने म्हणून एकाच नावाच्या दोन फाइली ठेवल्या आहेत, एक ‘कॉम’, एक ‘एक्सई’. नुसतं नाव टाइप केलं की कमांड प्रॉम्प्ट आधी ‘कॉम’ शोधतो, आणि ती कन्सोलची असते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोग्रामच्या मॅनिफेस्टमध्येच, म्हणजे त्याच्या सोबतच्या माहितीपत्रकातच, ‘कन्सोल असेल तर जोड, नसेल तर नवा उघडू नको’ असं सांगण्याची सोय आली आहे. आडतीवरच्या संगणकात अजून विंडोज १० आहे, तेव्हा भाच्याने ३ वरच भागवलं.