ब्रोकोली : पाकपद्धती (कोल्हापूर परिसर)

मोहरीच्या कुलातील भाजी. शास्त्रीय नाव ब्रॅसिका ओलेरॅसिया, प्रकार इटॅलिका. कोबी, फ्लॉवर व नवलकोल हे याच जातीचे इतर प्रकार. न उमललेल्या कळ्यांचा गड्डा व देठ खातात.

नाव इटालियन ‘ब्रोक्कोलो’ (कोंब) वरून आले. उगमाविषयी मतभेद आहेत. इ. स. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने वर्णिलेली ‘सायमा’ म्हणजे ब्रोकोलीच, असे काही अभ्यासक मानतात. परंतु ते वर्णन कोबीच्या कोवळ्या कोंबांनाही लागू पडते, म्हणून हे मत सावधपणेच घ्यावे. इटलीतील फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्यातील व पुढे फ्रान्सची राणी झालेल्या कातेरीना दे मेदिची हिने १५३३ मध्ये विवाहानंतर ही भाजी फ्रान्सला नेल्याची कथा प्रचलित आहे, तिचा आधार दुबळा. इंग्रज उद्यानतज्ज्ञ फिलिप मिलरच्या १७२४ च्या कोशात मात्र ब्रोकोलीचा ‘इटालियन शतावरी’ असा उल्लेख येतो. मध्यसागरी प्रदेशात, बहुधा इटलीत, निवडीतून ती घडली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शिजवताना प्रथम पेशींमधील हवा निघून रंग गडद हिरवा होतो. उष्णता लांबली की भाजीतील आम्ले सुटतात, हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि रंग मळकट होतो; गंधकयुक्त उग्र वासही तेव्हाच येतो. म्हणून चिंच, आमसूल, टोमॅटो किंवा लिंबू शेवटी घालावे. सोड्याने रंग टिकतो, पण तुरे गळतात व क जीवनसत्त्व नष्ट होते.

मोदकपात्रात ३ ते ५ मिनिटे वाफवणे सर्वांत चांगले, कारण क जीवनसत्त्व पाण्यात विरघळते आणि उकळलेले पाणी बहुधा ओतून दिले जाते. उकळायचीच असल्यास भरपूर पाण्यात २-३ मिनिटे पुरतात. कोल्हापुरी पद्धतीने परतायची तर लोखंडी कढई आधी चांगली तापवावी, तुरे कोरडे असावेत आणि झाकण ठेवू नये. कांदा-लसूण चटणी उतरवण्याच्या बेताला घालावी, नाहीतर ती करपते.

ब्रोकोलीतील सल्फोराफेन हा गंधकयुक्त घटक गुणकारी मानला जातो. तो तयार करणारे मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) उष्णतेने निकामी होते. तुरे चिरून अर्धा-पाऊण तास ठेवल्यास ते आधीच काम करते. हे विकर मोहरीतही असते, पण फोडणीत तडतडलेल्या मोहरीत ते उरत नाही. शिजलेल्या भाजीवर कच्च्या मोहरीची चिमूटभर पूड भुरभुरल्यास मात्र सल्फोराफेन पुन्हा तयार होऊ शकते.

देठ टाकू नयेत. साल काढून पातळ चकत्या कराव्यात व तुऱ्यांच्या दोनएक मिनिटे आधी कढईत घालाव्यात.