क्लेअरमॉन्ट: एका इंग्लिश वाड्याचे बदलते धनी

लंडनच्या नैर्ऋत्येला, सरे परगण्यातल्या ईशर गावाजवळ क्लेअरमॉन्ट नावाचा वाडा आहे. आज तिथे शाळा भरते. पण विजयदुर्गाचा इतिहास वाचलेल्या मराठी माणसाने या वाड्याची कुळकथा जरूर माहीत करून घ्यावी.

इथलं मूळ घर जॉन व्हॅनब्रू या वास्तुरचनाकाराने स्वतःसाठी बांधलं आणि १७१४ मध्ये क्लेअरच्या अर्लला विकलं. वाड्याचं नाव त्याच्याच पदवीवरून पडलं. हा गृहस्थ पुढे न्यूकॅसलचा ड्यूक आणि दोनदा पंतप्रधान झाला. १७६८ मध्ये तो वारला आणि त्याच्या विधवेने ही मालमत्ता २५,००० पौंडांना रॉबर्ट क्लाइव्हला विकली.

क्लाइव्हची ओळख आपल्याला प्लासीपासून करून दिली जाते. पण त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला तेव्हा इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या आरमारासोबत आलेल्या फौजेचा सेनापती तोच होता. मोहीम पेशव्यांशी करार करून काढलेली. किल्ल्यातली लूट मात्र इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. नंतर बंगालच्या पैशाने तो गडगंज झाला.

क्लेअरमॉन्टचं जुनं घर त्याने पाडलं आणि उंचावरच्या कोरड्या जागी नवं बांधायला घेतलं. आराखडा लॅन्सलॉट ब्राउन आणि हेन्री हॉलंड यांचा. घर आणि बाग मिळून लाखाच्या वर पौंड खर्च झाल्याचं सांगतात. इतिहासकार मेकॉलेने लिहून ठेवलंय की सैतान आत शिरू नये म्हणून या दुष्ट लॉर्डने भिंती एवढ्या जाड करायला लावल्या, अशी आसपासचे शेतकरी कुजबुज करत. या भिंती चढत होत्या तेव्हाच, १७७० मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं मरत होती. या वाड्याबद्दल लिहिताना हे वगळणं मला तरी अन्यायाचं वाटतं. क्लाइव्हला मात्र हे घर लाभलं नाही. नोव्हेंबर १७७४ मध्ये तो लंडनमध्ये वारला.

मग वाडा पडत्या भावात विकला गेला आणि भराभर हात बदलत राहिला. १८१६ मध्ये संसदेने ६०,००० पौंड मोजून तो इंग्लंडच्या युवराजाची मुलगी राजकन्या शार्लट आणि तिचा जर्मन नवरा लिओपोल्ड या नवदांपत्यासाठी घेतला. पुढच्याच वर्षी बाळ मृत जन्मलं आणि शार्लटही इथेच गेली. पुढच्या पिढीत राजगादीला वैध वारस उरला नाही, म्हणून तिच्या काकांची लग्नाची धावपळ सुरू झाली. त्यातून १८१९ मध्ये व्हिक्टोरियाचा जन्म झाला.

लिओपोल्ड बेल्जियमचा राजा झाल्यावरही वाड्याचा हक्क त्याच्याकडेच होता. १८४८ मध्ये गादी गमावलेला फ्रान्सचा लुई फिलिप इथे आश्रयाला आला आणि १८५० मध्ये इथेच वारला. १८८२ मध्ये व्हिक्टोरियाने वाडा विकत घेऊन धाकट्या मुलाला, अल्बनीच्या ड्यूकला दिला. त्याची पत्नी १९२२ पर्यंत हयात होती. वारस खरा तिचा मुलगा. पण तो जर्मनीतल्या कोबर्गचा ड्यूक होऊन पहिल्या महायुद्धात जर्मनीच्या बाजूने उभा राहिलेला. सरकारने मालमत्ता ताब्यात घेऊन विकली. विकत घेणारा कनार्ड या जहाज कंपनीचा संचालक होता.

१९३० च्या सुमारास रिकामा वाडा पाडायची भाषा सुरू झाली, तेव्हा एका शाळेने तो घेतला. बाग १९४९ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसास्थळं जपणाऱ्या संस्थेकडे गेली. टेकडीच्या उतारावर कोरलेल्या तिथल्या हिरवळीच्या प्रचंड पायऱ्या झाडोऱ्यात पार गडप झाल्या होत्या. १९७० च्या दशकात ट्रस्टने त्या पुन्हा मोकळ्या केल्या.