हवेत थांबणारी नर्तकी आणि दोन बी पेन्सिल

सध्या आमच्या जळगावच्या एका ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. बॅले नर्तकी धावत येते, झेप घेते, दोन्ही पाय हवेत आडवे फाकवते आणि क्षणभर तिथेच राहते. खाली ओळ : 'गुरुत्वाकर्षणालाही हरवणारी साधना, शास्त्रज्ञ चक्रावले!' कोणते शास्त्रज्ञ, कुठले, ते अर्थातच दिलेलं नाही. शेजारच्या काकूंनी तोच व्हिडिओ पाहिला आणि म्हणाल्या, "हाई पोरगी ते हवामाच थांबी जास!" काकूंचं निरीक्षण मला शंभर टक्के मान्य आहे. ती थांबल्यासारखी दिसते, हे खरंच आहे. का दिसते, ते मात्र पेन्सिल घेऊन बसल्याशिवाय कळत नाही.

या नर्तकींची चित्रं काढायचा मला जुना नाद आहे. खानदेशात बॅले बघायला मिळणार कुठे? तेव्हा मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवायचा, बटर पेपर ठेवायचा आणि दोन बी (2B) या मऊ पेन्सिलने बाह्यरेषा उतरवायची. मे महिन्यात पारा ४५ ला टेकलेला असताना तळहाताच्या घामाने सगळं ग्राफाइट पसरतं, म्हणून हाताखाली कोरा कागद लागतोच. आणखी एक सूचना : रंगमंचावरच्या, झालरीच्या पोशाखातल्या नर्तकीपेक्षा सरावाच्या अंगाबरोबर बसणाऱ्या कपड्यातली नर्तकी निवडा. झालरीखाली खुब्याचा सांधा कुठे आहे ते दिसत नाही, आणि आपल्याला तोच हवा आहे.

या उडीला 'ग्राँ जते' म्हणतात. व्हिडिओत सेकंदाला ३० चौकटी असतील तर अशी एक उडी साधारण १७ चौकटींत संपते. दर तिसरी चौकट घेऊन एकाच लांब कागदावर, एकीशेजारी एक, पाचसहा आकृत्या काढा. कॅमेरा नर्तकीबरोबर सरकत असेल तर मागची एखादी स्थिर वस्तू खूण म्हणून धरा. पॅरिसमध्ये एतिएन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात माणसाची चाल एकाच काचेवर अशीच टिपली होती; आपण ते काम स्वस्तात करतोय. आता प्रत्येक आकृतीच्या डोक्याच्या मध्यावर ठिपका द्या आणि ठिपके जोडा. रेषा वर चढते, मग माथ्याशी जवळजवळ सपाट होते आणि मग उतरते. गंमत या सपाट तुकड्यात आहे.

पाय जमिनीवरून सुटले की शरीरावर गुरुत्वाकर्षणाखेरीज जवळजवळ कोणतंच बाहेरचं बल उरत नाही. (हवेचा विरोध इथे सोडून देऊ.) मग शरीराचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा सरासरी बिंदू, एक ठरलेला वक्र, म्हणजे अन्वस्त, पकडतो. कैरीला मारलेला दगड ज्या वाटेने जातो तीच ही वाट. गॅलिलिओने ती १६३८ साली मांडून दाखवली. हवेत कितीही हातपाय मारा, ही वाट केसभरही बदलत नाही. स्नायूंची ओढाताण शरीराच्या आतली असते, आणि आतल्या बलांनी गुरुत्वमध्याची वाट बदलत नाही.

आता थोडं गणित. गुरुत्वमध्य ४० सेंटिमीटर वर गेला असं धरू. वर जायला ०.२९ सेकंद, खाली यायला तेवढाच वेळ, एकूण ०.५७. पण हा वेळ सगळ्या उंचीवर सारखा वाटला जात नाही. वर जाताना वेग घटत जातो, म्हणून वरच्या पाव भागात, म्हणजे शेवटच्या १० सेंटिमीटरमध्ये, उडीचा निम्मा वेळ जातो. हे दगडालाही लागू आहे, पण दगड थांबल्यासारखा दिसत नाही.

फरक पडतो पायांमुळे. एक अख्खा पाय म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण १६ टक्के. दोन पाय मिळून ३२, दोन हात मिळून १०, उरलेलं धड आणि डोकं. पायाचा स्वतःचा मध्य खुब्यापासून अंदाजे ३५ सेंटिमीटरवर असतो. जमीन सोडताना मागचा पाय जवळपास उभा असतो, पुढचा अर्धा उचललेला. माथ्यावर पोचेपर्यंत दोन्ही आडवे. मागचा पाय ३५ सेंटिमीटर वर आला, त्याचे १६ टक्के, साडेपाच. पुढचा सुमारे २५ वर आला, त्याचे १६ टक्के, चार. बेरीज साडेनऊ. हात खांद्याच्या रेषेतून डोक्यावर नेले तर आणखी दोनेक सेंटिमीटर. म्हणजे गुरुत्वमध्य शरीराच्या आतच दहा-बारा सेंटिमीटर वर सरकला, पोटातून छातीकडे. पण त्याची बाहेरची वाट तर ठरलेली! मग तडजोड धडाने आणि डोक्याने करायची. वाट वर जाते त्यातला बराच वाटा गुरुत्वमध्य आतल्या आत सरकून भरून काढतो, आणि डोकं तेवढं कमी वर जातं. उतरताना पाय मिटतात, गुरुत्वमध्य शरीरात परत खाली येतो, आणि डोकं तेवढं कमी खाली येतं.

मघाचे १० सेंटिमीटर आणि हे दहा-बारा यांचा मेळ बघा. पाय पूर्ण उघडण्याचा क्षण नेमका माथ्याशी जुळवला तर डोकं काही काळ जवळजवळ आडव्या रेषेत जातं. अगदी पट्टीने आखल्यासारखं नाही, कारण पाय काही फक्त त्या पाव भागातच उघडत नाहीत, थोडे आधीपासूनच उघडू लागतात. पण आपली नजर असते चेहऱ्यावर आणि खांद्यांवर, आणि ती फसायला एवढं पुरतं. पाय घाईने आधीच फाकवले तर माथ्याशी देण्यासारखं काही उरत नाही. नवख्या मुलींच्या उड्या उतरवल्या की हे दिसतं : पाय कमी उघडलेत असं नसतं, लवकर उघडलेले असतात. सारखीच उंची, सारखाच वेळ, पण उडी जड दिसते.

यात साधना आहेच, ती रोजच्या सरावाची आणि सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंदाजाची. आपल्याकडे काठीचा आधार घेऊन 'अधांतरी' बसणारे बाबा आहेत. वस्त्राखालची लोखंडी बैठक अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव उघडून दाखवली आहे. नर्तकीकडे लपवायला काहीच नाही, तरी तिच्या मेहनतीला चमत्काराचं लेबल लावून आपण तिची किंमत कमीच करतो.

एडगर देगा (१८३४–१९१७) या फ्रेंच चित्रकाराने आयुष्यभर बॅले नर्तकी काढल्या, पण बहुतेक चित्रांत त्या सराव करताहेत, बुटाची फीत बांधताहेत, पाठ चोळताहेत. झेपेच्या ऐन माथ्यावरच्या नर्तकी त्याच्याकडे कमीच. माझा तर्क असा की एका आकृतीत सपाट रेषा मावत नाही, त्यासाठी आधीची आणि नंतरची आकृती लागते.

नेमकं उलटं बघायचं असेल तर होळीला सातपुड्यातल्या काठी या गावी जा. मोरपिसांचे उंच टोप चढवलेले, कमरेला भोपळे आणि घुंगरं बांधलेले, बुध्या म्हणवले जाणारे नर्तक रात्रभर नाचतात. तिथे डोकं खालीवर होणं लपवायचं नसतंच. टोपाची उंची ते आणखी मोठं करून दाखवते आणि प्रत्येक हिसक्याला घुंगरं वाजतात. त्यांची आकृती काढताना गुडघे किती वाकले ते आधी बघा. ग्राँ जते काढताना मात्र मी आधी डोक्यांची ती चपटी रेषा हलक्या हाताने आखून घेतो, मग खांदे, आणि पाय सगळ्यात शेवटी.