फ्लोट ट्यूबमधून ट्राउट मासेमारी : हिवाळ्याच्या तोंडाशी

फ्लोट ट्यूब म्हणजे हवा भरलेली, एका माणसापुरती तरंगती बैठक. बसणाऱ्याचे पाय पाण्यात राहतात, पायांत रबरी फिन असतात आणि दोन्ही हात गळाच्या काठीसाठी मोकळे मिळतात. बेली बोट हे तिचे दुसरे नाव. थंड प्रदेशांतील धरणांच्या जलाशयांत ऑक्टोबरच्या मध्यापासून पाणी गोठेपर्यंत रेनबो ट्राउटसाठी ती खूप वापरली जाते; अमेरिकेचा पश्चिम भाग आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया हे या पद्धतीचे मुख्य प्रदेश होत. या दिवसांत मासा काठाजवळ येतो तो पाणी थंड झाल्यामुळे, आणि माणसाच्या जिवाला मोठा धोका असतो तोही त्याच थंड पाण्याचा. त्यामुळे साधनांची निवड, गळाची खोली, दोरी ओढण्याचा वेग आणि पाण्यात राहण्याची वेळ या सगळ्यांचा हिशेब थर्मामीटरपासून सुरू होतो.

इंदूर आणि भारतातील ट्राउट

तलावात ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळे लावणारा मच्छीमार मध्य भारतात नवा नाही. फ्लोट ट्यूबचा उगमही ट्रकच्या ट्यूबला कापडी बैठक शिवण्यातच आहे. मात्र माळव्यात ट्राउट जगत नाही. पाणी २४–२५ अंश सेल्सिअसच्या वर राहिले की रेनबो ट्राउट तग धरत नाही, आणि इंदूरच्या उन्हाळ्यात हवाच ४० अंशांवर जाते. येथील जलाशय रोहू, कटला, मृगळ आणि मरळ यांचे. गंभीर नदीवरचा, होळकरांच्या काळातला यशवंतसागर शहराला पिण्याचे पाणी देतो आणि २०२२ पासून रामसर (पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय कराराखालील) पाणथळ आहे. परवानगीशिवाय तेथे ट्यूब उतरवून सराव करणे योग्य नाही. सरावाला पोहण्याचा तलाव पुरतो.

भारतात ट्राउट आहे ती काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, ईशान्येकडील डोंगर आणि दक्षिणेत नीलगिरी व मुन्नार येथे. काश्मीरमध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या अंड्यांतून १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउट रुजली. ब्राउन ट्राउट हिवाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालते, त्यामुळे हिमाचलात ट्राउटच्या पाण्यात १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद असते, आणि काश्मीरचा हंगाम त्याही आधी, सप्टेंबरअखेर संपतो. म्हणजे या नोंदीत वर्णिलेली ऐन मोसमातली मासेमारी हिमाचल व काश्मीरमध्ये बहुतांशी कायद्याने करता येत नाही. परदेशातील सोडलेल्या रेनबो ट्राउटच्या जलाशयांत ती चालते, कारण रेनबो बहुधा वसंतात अंडी घालते. दिवाळीच्या सुट्टीचा बेत आखणाऱ्याने ही गोष्ट आधी लक्षात घ्यावी.

पाणी कसे बदलते

उन्हाळ्यात खोल जलाशयाचे पाणी थरांत विभागलेले असते : वर गरम व हलके, तळाशी थंड व जड, मध्ये तापमान झपाट्याने उतरणारा पातळ पट्टा. तळाचा प्राणवायू हळूहळू संपतो. वरचे पाणी ट्राउटला सोसत नाही. मासा मधल्या अरुंद पट्ट्यात अडकतो. शरदात रात्री थंड होऊ लागल्या की वरचे पाणी गार होऊन जड होते, खाली बसते, आणि वाऱ्याच्या मदतीने संपूर्ण जलाशय ढवळला जातो. हे ढवळणे चालू असेपर्यंत पाणी गढूळ असते, तळचा कुजका वास येतो, मासा विखुरतो. हे दिवस मासेमारीसाठी वायाच समजावेत. थांबल्यास फायदा होतो : ढवळणे संपले की प्राणवायू सर्व खोलीवर मिळतो, उथळ पाणीही पुरेसे थंड झालेले असते, आणि ट्राउट १ ते ४ मीटर खोलीत, वनस्पतींच्या कडांशी, हिवाळ्यापूर्वी पोट भरायला येते.

७ ते १३ अंश हा सर्वांत उपयोगी टप्पा. ५ अंशांखाली मासा सुस्त होतो. तो खातो, पण पाठलाग करत नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असते, म्हणून त्यानंतर आणखी थंड झालेले पाणी वरच राहते आणि काठाकडून बर्फ धरू लागतो. पश्चिम अमेरिकेतील सिंचनाचे जलाशय या काळात उपशामुळे उतरलेले असतात, तर माळव्यातले तलाव पावसाळ्यानंतर भरलेले. उतरलेल्या जलाशयाच्या उघड्या काठावर एरवी पाण्याखाली असणारे ओढ्याचे पात्र, बुंधे आणि दगडांच्या रांगा दिसतात. पाणी भरल्यावर याच जागी मासा उभा राहील, म्हणून त्या टिपून ठेवाव्यात.

साधने

जुनी ट्यूब गोल असे. आता इंग्रजी यू किंवा व्ही आकाराची घ्यावी : पुढून उघडी असल्याने आत बसणे-उठणे सोपे, आणि संकटात पटकन बाहेर पडता येते. जाड नायलॉनच्या आवरणात युरेथेन किंवा व्हिनाइलची हवेची पिशवी असते. बैठक आणि पाठ यांना वेगवेगळे कप्पे असले पाहिजेत, म्हणजे एक फुटला तरी दुसरा वर धरतो. मांडीवर ताणलेल्या कापडी झोळीत ओढलेली दोरी साठते. तिच्यावर छापलेल्या मापावर मासाही मोजता येतो.

हवा भरण्यात नवख्यांची सर्वाधिक चूक होते. ३० अंशांच्या दुपारी कडक भरलेली ट्यूब ८ अंशांच्या पाण्यात ढिली पडते आणि बैठक खाली जाते. म्हणून ती पाण्यावर काही मिनिटे ठेवून पुन्हा भरावी. उलट, भरलेली ट्यूब उन्हात वाळूवर सोडली तर शिवण उसवते. साधारण ५५० मीटर उंचीच्या इंदुरात भरलेली ट्यूब २००० मीटरवरच्या तलावापर्यंत गाडीतून नेऊ नये. बाहेरचा दाब कमी झाल्याने ती फुगते. पंप सोबत न्यावा आणि तेथेच भरावी.

कपड्यांत काटकसर करू नये. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर जाड विजार, वर वेडर, म्हणजे पायांपासून छातीपर्यंतचा पाणीरोधक पोशाख. सुती कपडा ओला झाला की ऊब टिकवत नाही, तो नकोच. वेडरचा कमरपट्टा घट्ट असावा. पडल्यास आत शिरणारे पाणी तोच अडवतो. मोजे दोन घालताना बूट आवळला तर रक्त अडून पाय अधिक गारठतात, तेव्हा बूट एक माप मोठा घ्यावा. फिन घोट्याला दोरीने बांधावेत. एक फिन गेला की ट्यूब जागच्या जागी गोल फिरत राहते. जीवरक्षक जॅकेट ट्यूबच्या जोडीला हवेच, आणि शिट्टी गळ्यात.

मासेमारी

फिन घालून उलटे, पाठीकडे चालत पाण्यात शिरावे; पुढे चालल्यास फिन दुमडून माणूस तोंडावर पडतो. पाय हलवले की ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते. आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. वारा ताशी १५–२० किलोमीटरच्या पुढे गेला की फिनांचे बळ त्याला पुरत नाही. लाटांवर पांढरा फेस दिसू लागला की काठ धरावा.

माणूस पाण्यालगत बसलेला असल्याने ९ फुटांपेक्षा १० फुटी, ५ किंवा ६ नंबरच्या (नंबर दोरीच्या वजनाचा) दोरीची काठी सोयीची : मागे फेकलेली दोरी पाण्यावर आपटत नाही. या मोसमात सर्वांत उपयोगी दोरी सेकंदाला सुमारे ४ सेंटिमीटर बुडणारी, मध्यम. ती २ मीटरवर जायला ५० सेकंद घेते; घड्याळ लावून मोजावे. अधिक खोलीसाठी सेकंदाला सुमारे ७.५ सेंटिमीटर बुडणारी दोरी तेथे २७ सेकंदांत पोहोचते. मासा किती सेकंदांवर लागला ते लक्षात ठेवून पुढचे फेकणे त्याच आकड्यावर करावे. खोली चुकली तर कितीही चांगली माशी, म्हणजे गळावर बांधलेले नकली खाद्य, निरुपयोगी ठरते.

खाद्याची विविधता आता घटलेली असते. जळवांची नक्कल करणारी काळी, तपकिरी किंवा गडद हिरवी लांबट माशी ८ ते १० नंबरच्या गळावर, गोड्या पाण्यातील कोळंबीसारख्या लहान जीवांची नक्कल १२–१४ वर, आणि चिखलात राहणाऱ्या लाल अळ्यांची १२–१६ वर, एवढे पुरते. लाल अळी तरंगत्या दोरीवर, मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंगत्या गोळीखाली, तळापासून ३०–६० सेंटिमीटर वर स्थिर टांगावी. जळू मात्र ओढावी लागते : १०–१५ सेंटिमीटरची एक ओढ, मग तीन-चार सेकंद थांबणे. बहुतेक मासे या थांबण्यातच घेतात, आणि तेही झटका न देता. दोरी नुसती जड लागते किंवा बाजूला सरकते. ५ अंशांजवळ ओढ निम्मी करावी. जागा माहीत नसेल तर १५–२० मीटर दोरी सोडून अगदी मंद पाय मारत जावे आणि अधूनमधून थांबावे.

सोडायचा मासा पाण्याबाहेर काढू नये. काटा दाबून सपाट केलेला गळ चिमट्याने पाण्यातच सुटतो; हात आधी ओले करावेत. हवा शून्याखाली असेल तर काठीच्या कड्यांत बर्फ साचून दोरी अडकते. काठी पाण्यात बुडवून तो वितळू द्यावा. नखाने उकरल्यास कडे मोडते.

थंडी आणि परतणे

थंड पाण्यात पडल्यावर पहिले सुमारे १ मिनिट श्वास आवरणे एवढेच काम असते. त्यानंतर साधारण १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. शुद्ध जायला तासभर लागू शकतो. जॅकेट लागते ते मधल्या टप्प्यासाठी, कारण हात निकामी झाल्यावर पोहणे जमत नाही. न पडताही पाय तासन्‌तास गार पाण्यात असतात. दर ४५–६० मिनिटांनी काठावर येऊन चालावे, गरम व गोड काही प्यावे. बोटांनी गाठ बांधता येईना, की तो दिवस संपला; थरथर थांबल्यानंतर बरे वाटू लागणे हे तर फारच वाईट लक्षण.

एकट्याने उतरू नये. धरणाच्या भिंतीपासून, पाणी सोडण्याच्या दरवाजांपासून आणि सांडव्यापासून लांब राहावे. उतरलेल्या जलाशयाच्या काठचा गाळ फिन धरून ठेवतो. तेथे उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर रेलून पाय मारत सुटावे आणि दगडी काठ शोधावा. नांगर वापरणाऱ्याने एका ओढीत सुटणारी गाठ ठेवावी, नाहीतर वाऱ्यात ट्यूबची कड पाण्याखाली खेचली जाते.

घरी आल्यावर ट्यूब, फिन आणि वेडर धुऊन पूर्ण वाळवावेत. एका जलाशयाचे जीव व वनस्पतींचे तुकडे ओल्या सामानातून दुसऱ्यात जातात. बारीक छिद्र साबणाच्या पाण्याने सापडते. व्हिनाइलला व्हिनाइलचेच ठिगळ लावावे. सायकलच्या ट्यूबचे रबरी ठिगळ त्यावर धरत नाही. साठवताना अर्धी हवा ठेवावी, घडीच्या रेषेवर पिशवी तडकते. इंदूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा टाळावा आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशी जागा निवडावी.