निंबापाशी मुठी सोडल्या, हे त्याला कसं आठवलं?

परवा व्हॉट्सअपवर एक मेसेज फिरत होता, की फौजेत माणूस घडतो तो फक्त शिक्षेनं. वाचून मला आमच्या गावचे रिटायर हवालदार काका आठवले. कपाशीच्या धुऱ्याला लागून ग्राउंड आहे, तिथं ते पहाटे भरतीच्या पोट्ट्यांना पळवतात, १६०० मीटर साडेपाच मिनिटांत. एक पोरगा दरवेळी शेवटच्या राउंडला ढेपाळायचा, त्या दिवशी टायमात आला. काकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "आखरीच्या राउंडले काय केलं रे बाबू?"

"मेहनत केली काका."

"ते नको सांगू. निंबापाशी आला तवा काय केलं?"

पोरगा थांबला. "मुठी सोडल्या. मंग खांदे खाली आले."

यातलं विज्ञान मला लई आवडतं. हाताला बसलेलं कसब अन् घडलेला प्रसंग, मेंदू हे दोन्ही वेगवेगळं ठेवतो. हेन्री मोलायसन नावाच्या पेशंटचा १९५३ च्या ऑपरेशनमध्ये हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी जमवणाऱ्या मेंदूच्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला अन् नवीन काही लक्षातच राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली, तर रोज हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला माहीतच नसायचं! म्हणजे कसब हिप्पोकॅम्पसशिवायही बसतं, ते बेसल गँग्लिया अन् सेरेबेलम या मेंदूच्या दुसऱ्या भागांचं काम, अन् तिथं शब्द नसतात. म्हणून नुसतं "कसं केलं" विचारलं की माणूस मेहनत, जिद्द असं पुस्तकी बोलतो. पण एक प्रसंग, एक जागा धरून विचारलं की एपिसोडिक मेमरी, म्हणजे घडलेल्या प्रसंगाची आठवण, जागी होते, निंब हा क्यू, म्हणजे आठवणीची खूण, त्याला धरून मुठी येतात, खांदे येतात. अर्थात आठवण दरवेळी नव्यानं जुळवली जाते, चुकूही शकते, म्हणून ग्राउंडवर करून बघायचं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलासाठी काम करताना मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी वैमानिकांची मतं घेण्यापेक्षा घडलेले प्रसंग गोळा केले, १९५४ साली ती पद्धत छापली. डेव्हिड कूपररायडर अन् सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ साली संस्था बदलायची तर जे जमलं तिथून सुरू करा असं मांडलं, त्याला अप्रिशिएटिव्ह इन्क्वायरी म्हणतात, अमेरिकन नेव्हीनं ती लीडरशिपसाठी वापरली. फौजेत रँक आडवी येते, चूक विचारली की शिपाई साहेबापुढे गप्प, जमलेलं विचारलं की तोंड उघडतं अन् खालचं ज्ञान वर जातं.

याला पॉझिटिव्ह थिंकिंग समजू नका. फी घेऊन "मनात आणलं की होते" सांगणाऱ्या शिबिरात ना प्रसंग असतो ना जागा, नुसत्या घोषणा. अन् फायरिंग रेंजवर तर चूक शोधायलाच लागते.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पोट्ट्यांनी निंबापाशी मुठी सोडल्या. दोघांना काहीच फरक पडला नाही. काकांनी त्यांना धुऱ्यावर बसवलं, "तुमचा सगळ्यात चांगला राउंड कोन्ता होता, तो सांगा."